पावसाचे पाणी आणि जोतीराव

आषाढ लागला की मुळशीचे डोंगर ढगांत बुडून जातात. कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात, ओढे दुथडी भरून वाहतात आणि उतारावरील खाचरांत भाताची लावणी सुरू होते. डोक्यावर इरले, हातात रोपांची मूठ आणि पाठीवर अखंड कोसळणारी धार, अशा स्थितीत माणसे दिवसभर चिखलात वाकलेली असतात. त्या खाचरांकडे नीट पाहिले, तर शेतकऱ्याचे शहाणपण ध्यानात येते. प्रत्येक खाचराला मातीचा बांध असतो. वरच्या खाचरात पुरेसे पाणी साठले की ते खालच्या खाचरात उतरते, तेथून त्याखालच्या. अशा रीतीने एकच पाणी पायरीपायरीने सर्वांची शेते भिजवीत ओढ्याला जाऊन मिळते.

या तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहूनही अधिक पाऊस पडतो. असे असूनही चैत्र-वैशाखात याच डोंगरांवरील कित्येक वाड्यांचे झरे आटतात आणि बायकांना हंडे घेऊन दूर जावे लागते. पावसाळ्यात दारावरून वाहून गेलेले पाणी उन्हाळ्यात घोटभरही हाती राहत नाही. मग जेथे पाऊसच बेताचा, तेथील शेतकऱ्याची अवस्था काय सांगावी!

पडलेले पाणी थांबवावे कसे आणि थांबलेले पाणी सर्वांच्या मुखी पोहोचवावे कसे, या दोन प्रश्नांचा विचार एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका थोर पुरुषाने केला होता. मुळशीच्या डोंगरांत उगम पावणारी मुठा नदी ज्या पुणे शहरातून वाहते, त्याच शहरात तो पुरुष वाढला. त्याचे नाव महात्मा जोतीराव फुले. मुलींना शिक्षणाची दारे उघडून देणारे थोर समाजसुधारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु पाण्याशीही त्यांचे नाते जन्मभराचे होते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांच्या पूर्वजांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. हा मुलूख कमी पावसाचा. तेथून हे कुटुंब पुण्याकडे आले आणि फुलांच्या व्यवसायात स्थिरावले. पेशव्यांना फुले पुरविणारे म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव कायम झाले. जोतीराव अगदी लहान असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई नावाच्या प्रेमळ बाईंनी त्या पोरक्या मुलाला पोटच्या लेकरासारखे वाढविले.

वडील गोविंदराव यांनी जोतीरावांना प्रथम शाळेत घातले; परंतु लोकांच्या सांगण्यावरून काही काळाने काढूनही घेतले. मुलाच्या हातातील पाटी गेली आणि खुरपे आले. ज्याच्या पोटाचा आधार बागेवर आहे, त्याला पाण्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. बैल मोट ओढतात, विहिरीतील पाणी थारोळ्यात पडते, तेथून पाटाने वाफ्यात जाते. आणि विहीर आटली की सारा मळा वाळतो. हे ज्ञान जोतीरावांना पुस्तकातून मिळाले नाही. ते शेतात काम करून मिळाले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजारच्या दोन सद्गृहस्थांनी गोविंदरावांचे मन वळविले. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले आणि १८४७ पर्यंत त्यांनी मन लावून अभ्यास केला.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यापायी दोघांना घर सोडावे लागले, लोकनिंदा सोसावी लागली. पण त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. ज्यांना समाज अस्पृश्य मानीत असे, त्यांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा उघडल्या.

या मुलांच्या घरची एक व्यथा जोतीरावांना नित्य दिसत होती. पुणे शहराला पाण्याची तशी वाण नव्हती. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरात तलाव बांधून तेथे साठणारे पावसाचे पाणी जमिनीखालील नळाने शहरात आणले होते. ते निरनिराळ्या हौदांत पडे आणि लोक तेथून भरून नेत. विहिरी होत्या, नदीही होती. परंतु ज्यांना शिवणेही लोक पाप समजत, त्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाऊल ठेवण्याची मनाई असे. रिकामी घागर घेऊन दूर उभे राहावे, कोणाला दया आली तर त्याने वरून पाणी ओतावे, आणि कोणालाच दया आली नाही, तर तसेच माघारी फिरावे. ऐन उन्हाळ्यात तान्ह्या मुलाला घेऊन अशी वाट पाहणाऱ्या आईला काय वाटत असेल, याची कल्पना आपण करावी.

जोतीरावांच्या घरी पाण्याचा एक हौद होता. १८६८ मध्ये त्यांनी तो हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या सर्व लोकांना खुला केला. ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी ती साधी नव्हती. त्यामुळे भाऊबंद दुरावत, जातीतून बाहेर टाकले जाण्याचे भय असे आणि धंद्यावरही संकट ओढवे. जोतीरावांनी हे सारे जाणूनच दार उघडले होते. ज्यांना आजवर कोणी तरी वरून ओतलेले पाणी घ्यावे लागे, त्यांना त्या हौदावर आपल्या हाताने आपली घागर बुडविता येऊ लागली.

समाजकार्य करीत असता चरितार्थासाठी जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. मुठा नदीवर खडकवासला येथे मोठे धरण बांधण्याचे काम १८७० च्या सुमारास चालू होते. मुळशीच्या डोंगरांतून येणारे मुठेचे पाणी तेथे दगडी भिंतीने अडविले जाणार होते. त्या कामासाठी लागणारे सामान पुरविण्याचे कंत्राट जोतीरावांकडे होते. त्यामुळे धरण कसे उभे राहते, हे त्यांना जवळून पाहता आले. पाया किती खोल घ्यावा, दगड कोणता, चुना कसा, सांडव्यावाटे जादा पाणी कसे सोडावे, कालव्याला उतार किती द्यावा, या गोष्टींची त्यांना माहिती झाली. त्याचबरोबर दिवसभर दगड वाहणाऱ्या मजुरांचे हालही त्यांनी पाहिले.

धरण पुरे झाले आणि कालव्याने पाणी वाहू लागले. परंतु नव्या गोष्टीविषयी शेतकऱ्यांच्या मनात शंका असे. शिवाय पाणीपट्टी भरूनही पाणी वेळेवर मिळेल, याचा भरवसा नसे. जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरी येथे शेती केली आणि कालव्याच्या पाण्यावर मळा पिकवून दाखविला. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपण करावे, हा त्यांचा स्वभावच होता.

याच सुमारास दख्खनवर मोठे संकट कोसळले. १८७६ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळाची झळ १८७८ पर्यंत पोहोचली. पिके करपली, जनावरे चाऱ्यावाचून मेली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी घरातील भांडी विकली आणि मुलांचे हात धरून अन्नाच्या शोधात वाट धरली. अनेकांना ती वाट पुरी करता आली नाही. १८७७ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी आश्रम चालविला. शेकडो उपाशी मुलांना तेथे अन्न मिळाले. सावित्रीबाईही या कामात रात्रंदिवस झटत होत्या.

भुकेल्या मुलाला भाकरी देणे आवश्यकच होते. परंतु जोतीरावांचे मन तेवढ्याने स्वस्थ बसेना. शेतकऱ्याच्या मुलावर ही पाळी का आली, याचे मूळ शोधावे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी गावोगाव पाहिले, शेतकऱ्यांशी बोलणे केले, हिशेब मांडले. त्या विचारांतून १८८३ मध्ये त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘शेतकऱ्याचा असूड’. तो लिहीत असतानाच पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखविला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला.

या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे निर्भीडपणे सांगितली आणि शेवटी उपायही सुचविले. त्यांतील पाण्याविषयीचे उपाय आजही वाचण्याजोगे आहेत.

जोतीरावांचे लक्ष प्रथम गेले ते मातीकडे. डोंगरावर गवत वाढते, झाडांची पाने गळतात, किडेकीटक मरतात. हे सर्व कुजून उत्तम खत तयार होते. वळवाचा जोराचा पाऊस आला की हे सत्त्व पाण्याबरोबर धुऊन जाते आणि ओढ्यानाल्यांत वाया जाते. पाणी एकटे जात नाही. जाताना ते शेताचा कसही घेऊन जाते. म्हणून जागोजाग ताली घालाव्यात, म्हणजे उताराला आडवे बांध बांधावेत, आणि पावसाचे पाणी प्रथम शेतात मुरून मग नदीनाल्याला मिळेल अशी तजवीज करावी, असे त्यांनी सुचविले. या कामासाठी माणसे कोठून आणावीत? त्यांनी उत्तर दिले की, सरकारजवळ पुष्कळ लष्कर आणि पोलीस आहेत. ज्या शिपायांना एरवी काम नसते, त्यांच्याकडून हे बांध बांधून घ्यावेत. त्यायोगे शेते सुपीक होतील आणि मोकळ्या हवेत कष्ट केल्याने शिपायांची प्रकृतीही सुधारेल.

पुढे त्यांची दृष्टी डोंगरांकडे वळली. दऱ्याखोऱ्यांत सोयीच्या जागी जितकी होतील तितकी तळी व तलाव बांधावेत, असे त्यांनी लिहिले. वर पाणी साठले म्हणजे ते जमिनीतून झिरपते, खालच्या ओढ्यांना भर उन्हाळ्यात पाणी राहते, त्यावर लहानमोठी धरणे चालतात आणि गावोगावच्या विहिरींचे झरे जिवंत होतात. एका मोठ्या धरणाचे काम जवळून पाहिलेल्या माणसाने लहान तळ्यांचा आणि शेताच्या बांधांचा एवढा आग्रह धरावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या धरणाचे पाणी कालव्याच्या काठी पोहोचते. पण पाऊस प्रत्येक शेतावर पडतो. तो जेथे पडतो, तेथेच त्याला थोडे थांबविले, तर दूरच्या गावातील गरीब शेतकऱ्यालाही त्याचा लाभ होतो.

त्यांनी आणखीही गोष्टी सुचविल्या. पाणाड्यांकडून सर्व जमिनींची पाहणी करवावी आणि जेथे पाण्याचे चांगले झरे असतील त्या जागा गावाच्या नकाशात दाखवाव्यात. जे शेतकरी स्वतःच्या बळावर विहिरी खोदतील, त्यांना बक्षिसे द्यावीत. नदीतला व तलावातला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गाळ काढला की तलाव खोल होतो आणि शेताला खत मिळते. कालव्याच्या पाण्याबद्दल त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक शेताच्या गरजेच्या मानाने त्याला तोटी बसवून द्यावी, म्हणजे कोणाला जास्त व कोणाला मुळीच नाही, असा अन्याय होणार नाही.

जोतीरावांचा विचार किती व्यवहारी होता, हे आपण एका साध्या हिशेबाने पडताळून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक लिटर भरते. एक एकर म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटरांची एकच जोराची सर आली, तर शेतावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. बांध नसेल, तर त्यातील पुष्कळसे पाणी माती घेऊन घटकाभरात निघून जाते. बांध असेल, तर त्याचा वेग मोडतो, गाळ शेतातच बसतो आणि पाणी मुरून शेजारच्या विहिरीला जाऊन मिळते. घराचेही तसेच. १०० चौरस मीटरांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७०,००० लिटर पाणी पडते. पन्हळ लावून त्यातील निम्मे जरी टाकीत साठविले, तरी उन्हाळ्यात केवढा आधार होईल!

त्या वेळच्या परकीय सरकारने जोतीरावांची योजना अमलात आणली नाही. पुण्यातील अनेक विद्वानांनाही शेतकऱ्याच्या बांधाचा विचार महत्त्वाचा वाटला नाही. परंतु जोतीराव खचले नाहीत. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. मोठमोठे पाहुणे भरजरी पोशाखांत आले होते. त्या सभेत जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. या झगमगाटावरून देशाची पारख करू नका, खरा देश खेड्यांत राहतो, असे त्यांनी राजपुत्रासमोर उभे राहून सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईतील जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

माणूस गेला, तरी त्याने पेरलेला विचार मातीत राहतो. १९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा लक्षावधी कष्टकऱ्यांना सरकारी कामांवर मजुरी मिळाली आणि त्यांच्या हातांनी राज्यभर शेतांचे बांध व पाझर तलाव उभे राहिले. पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या कमी पावसाच्या गावांनी उतारावर चर खणले, नाल्यांना बांध घातले, झाडे जपली आणि आटलेल्या विहिरींना पुन्हा पाणी आणले. जोतीरावांनी १८८३ मध्ये सुचविलेली वाट बरोबर होती, याची साक्ष या गावांच्या विहिरी देतात.

जोतीरावांच्या चरित्रातील हौद आणि बांध या दोन वस्तू पहिल्या नजरेला अगदी भिन्न वाटतात. एक घरातला, दुसरा शेतातला. एकाचे दार त्यांनी उघडले आणि दुसरा बांधावयास सांगितले. पण दोहोंच्या मागे भावना एकच होती. आकाशातून पडणारा पाऊस कोणाची जात पुसत नाही, श्रीमंताच्या शेतावर अधिक व गरिबाच्या शेतावर उणा पडत नाही. तेव्हा माणसानेही त्याच न्यायाने वागावे. पाण्याला मातीत अडवावे. माणसाला पाण्यापासून अडवू नये.

पुण्यातील जोतीरावांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. तेथे गेलात, तर त्या हौदाची आठवण अवश्य करा. आणि पावसाळ्यात मुळशीकडे जाण्याचा योग आला, तर एखाद्या खाचराच्या बांधावर क्षणभर उभे राहा. वरच्या खाचरातील शेतकरी आपल्यापुरते पाणी घेतो आणि बांधाला वाट करून उरलेले खाली सोडतो. खालचा शेतकरी ते घेतो आणि त्याच्याही खालच्याकडे पाठवितो. त्या वाहत्या पाण्याकडे पाहत असता जोतीरावांना काय हवे होते, ते आपल्याला सहज उमजेल.